हेलसिंकी ते टोकियो : अंतर एक, वेळा दोन

भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर फिनलंडची राजधानी हेलसिंकी आणि जपानची राजधानी टोकियो पट्टीने जोडली, तर रेषा कझाकस्तान, मंगोलियावरून जाते. आता पृथ्वीगोल घ्या आणि याच दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा उत्तरेला सरकतो, आर्क्टिक वृत्तापर्यंत चढतो आणि सैबेरियावरून टोकियोकडे उतरतो. गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग हा असा बृहद्‌वृत्ताचा तुकडा असतो. त्याची लांबी सुमारे ७,८०० किलोमीटर भरते. वाटेतला सरासरी वेग ताशी ८२० किलोमीटर धरला, तर प्रवासाला साडेनऊ तास लागायला हवेत.

परंतु १९८३ साली फिनएअर कंपनीने या दोन शहरांमध्ये विनाथांबा सेवा सुरू केली, तेव्हा विमानाला सुमारे तेरा तास लागत. असे का?

१९४४च्या शिकागो करारानुसार प्रत्येक देशाची आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण सत्ता असते. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत संघाने सैबेरियावरचे आकाश परदेशी विमानांना बहुतांशी बंद ठेवले होते. म्हणून १९५७ साली स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने कोपनहेगनहून टोकियोला जाण्यासाठी ध्रुवप्रदेशावरून, अलास्कातील अँकोरेजला थांबणारा मार्ग सुरू केला. तो सोपा नव्हता. चुंबकीय ध्रुवाजवळ होकायंत्राची सुई भरवशाची राहत नाही. शिवाय भौगोलिक ध्रुवापाशी सगळी रेखावृत्ते एकत्र येत असल्याने, सरळ जाणाऱ्या विमानाचीही दिशा क्षणोक्षणी बदलल्यासारखी दिसते. यावर उपाय म्हणून नकाशावर समांतर रेषांची चौकट आखली गेली आणि दिशा राखण्यासाठी घूर्णदर्शी, म्हणजेच जायरोस्कोप, वापरला गेला.

दिशा चुकण्याची किंमत मोठी होती. १ सप्टेंबर १९८३ रोजी अँकोरेजहून सोलला निघालेले कोरियन प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले. लढाऊ विमानाने ते पाडले आणि २६९ जणांचा मृत्यू झाला.

फिनएअरचे विमान अँकोरेजला न थांबता ध्रुवावरून, बेरिंगच्या सामुद्रधुनीवरून टोकियोला जाई. पुढे सोव्हिएत धोरण सैल होत गेले, सैबेरियाचा मार्ग खुला झाला आणि प्रवास साडेनऊ तासांच्या आसपास आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. युरोपीय संघाने रशियन विमानांना आणि रशियाने युरोपीय विमानांना आपले आकाश बंद केले. मार्चमध्ये फिनएअरची विमाने पुन्हा ध्रुवावरून जाऊ लागली आणि पुन्हा तेरा तास लागू लागले. मधल्या चार दशकांत विमाने कितीतरी सुधारली होती!

हा हिशेब वर्गात करून पाहता येईल. विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंतचे अंतर सुमारे १०,००० किलोमीटर आहे, हेच आपले प्रमाण. दोरा हेलसिंकीहून ध्रुवावर, तिथून बेरिंगच्या सामुद्रधुनीवर आणि मग टोकियोला न्या. लांबी साधारण १०,६०० किलोमीटर येईल. तिला ८२०ने भागा : तेरा तास! मग मुलांना विचारा, हे जादा २,८०० किलोमीटर भूगोलाच्या पुस्तकात शोधायचे की इतिहासाच्या?