तुळापूरची नाव ते पोलादाचा ट्रक : जड माल बांधण्याचा इतिहास

१/ जालन्याहून पुण्याकडे निघालेला सळयांचा ट्रक नगर रस्त्यावर आपण पाहिला असेल. शिरूर, रांजणगाव, शिक्रापूर मागे टाकीत तो चाललेला असतो. त्याच्या मागून दुचाकीवर येणाऱ्याची नजर एकाच गोष्टीवर खिळलेली असते : सळईचे टोक कुठवर आले आहे? जड माल कसा ओढावा हे आपल्या मुलखाला फार पूर्वी उमगले. तो कसा धरून ठेवावा, हे मात्र फार उशिरा.

२/ प्रारंभ वजनापासून करू. भीमा-इंद्रायणीच्या संगमावर १६३३ मध्ये आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने हत्तीची तुला केली. हत्ती नावेत चढवला, नाव पाण्यात जेथवर बुडाली तेथे खूण केली, मग हत्ती उतरवून त्या खुणेपर्यंत दगड भरले आणि दगड तोलले. ही युक्ती शहाजीराजांची, असे परंपरा सांगते. नागरगावचे तुळापूर झाले ते या तुलेमुळे. तीच भीमा पुढे राहू बेटाच्या उत्तरेने वाहत जाते आणि बेटाच्या पूर्वेला मुळा-मुठेला भेटते.

३/ पुण्यावर गाढवाचा नांगर फिरवणारा म्हणून ज्याचे नाव आपण ऐकतो, तोच हा मुरार जगदेव. तुलेच्या आदल्या वर्षी, १६३२ मध्ये, त्याने परांड्याच्या किल्ल्यातून 'मलिक-ए-मैदान' ही तोफ विजापूरला नेली. ती १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली, सुमारे ५५ टन वजनाची. दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसे लागली, असे सांगतात. तिच्या जोडीची 'कडक बिजली' नदीत गमावल्याची कथाही प्रचलित आहे.

४/ या वाटचालीत मुख्य अडचण एकच होती : ओझे हलवायचे कसे? बैलांच्या पावलाने जाणारी तोफ एकदा थांबली की थांबली. ती गाड्यावरून पुढे झेपावेल अशी धास्ती सपाटीवर कोणाला नव्हती. भीती होती ती चढ-उताराची, चिखलाची आणि नदीच्या उताराची.

५/ राहू बेटातल्या ऊसवाल्या शेतकऱ्यालाही हे शास्त्र ठाऊक होते. मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते. पुढे जास्त झाला की सगळे ओझे बैलांच्या मानेवर येते. म्हणून माल आसावर तोलून भरायचा, वरून नाडा आवळायचा आणि उतारावर गाडी थांबवली की चाकाला उटी लावायची. बैलगाडीच्या वेगाला एवढी व्यवस्था पुरेशी होती.

६/ ट्रकने हा हिशेब मोडला. बैलगाडी ताशी ४ किलोमीटरने जाते, ट्रक ६० ने. वेग १५ पट झाला, तर तेवढ्याच वजनात साठलेली गतिज ऊर्जा २२५ पट होते. ब्रेक लागतो तो चाकांना, मालाला नव्हे. ट्रक थांबतो, वरचे पोलाद आपल्याच वेगाने पुढे जाऊ पाहते, आणि त्याच्या पुढे असते चालकाची केबिन.

७/ आकड्यांत पाहू. युरोपातील मानकानुसार बांधलेल्या मालाने पुढच्या दिशेने स्वतःच्या वजनाच्या ०.८ पट, तर बाजूला आणि मागे ०.५ पट जोर सोसला पाहिजे. म्हणजे २० टनांची पोलादी कॉइल असेल, तर जोराच्या ब्रेकच्या वेळी १६ टन वजनाइतका जोर अडवण्याची तयारी हवी. नुसत्या दोराचे हे काम नव्हे.

८/ म्हणून उपाय तीन. पहिला, घर्षण : पोलादावर पोलाद घसरते, यासाठी मध्ये कोरडे लाकूड किंवा रबरी पट्टी घालतात. दुसरा, अडथळा : कॉइल ज्या दिशेला गडगडू शकते तिकडे पाचर, आणि तीही पक्क्या चौकटीत बसवलेली. तिसरा, साखळी : कॉइलच्या पोकळीतून ओवून दोन्ही बाजूंना ताणलेली. काही अंतर गेल्यावर माल बसतो, साखळी ढिली पडते; तेव्हा थांबून ती पुन्हा आवळावी लागते.

९/ सळयांचा धोका वेगळा. मोळी बाहेरून कितीही आवळली, तरी आतल्या सळयांवर दाब कमी पडतो. झटका बसताच त्या भात्यातून बाण निघावा तशा सुटतात. लांब सळया फाळक्याबाहेर काढून टोकाला लाल फडके बांधले की कर्तव्य संपले, ही आपल्याकडची जुनी रीत. अंधारात, दिवे नसलेल्या उभ्या ट्रकच्या मागे ते फडके कोणाला दिसणार?

१०/ केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. त्यांतील ९३ व्या नियमात माल वाहनाबाहेर काढण्याची मुभा होती. सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेने तिच्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि २०१४ मध्ये केंद्र सरकारने ती मुभा काढून घेतली. २०१९ च्या कायदादुरुस्तीने मर्यादेबाहेर आलेल्या मालासाठी २०,००० रुपयांचा दंड ठरवला. शिवाय तो माल उतरवण्याचा खर्चही वाहनाच्या माथी.

११/ तरीही एक विसंगती उरते. माल भरणारे हात बहुधा कारखान्याचे असतात, घाई मालकाची असते, आणि चौकीवर पावती फाटते ती चालकासमोर. बांधणी चुकली तर पहिला जीव जातो तो चालकाचा, किंवा मागून येणाऱ्या अनोळखी माणसाचा. ट्रक कारखान्याच्या दारातून बाहेर पडण्याआधीच बांधणी तपासली, तर हे पुष्कळसे टळेल.

१२/ मुरार जगदेवाने तोलण्यासाठी नाव पाण्यात उतरवली, तेव्हा वजन मोजल्याशिवाय दान पुरे होत नव्हते. आज ट्रकचे वजन काट्यावर मिनिटभरात कळते. तो काट्यावरून उतरला की साखळीचा ताण, पाचर आणि सळईचे टोक यांवरही कोणीतरी मिनिटभर नजर फिरवावी. नगर रस्त्यावर मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराची अपेक्षा याहून मोठी नाही.