चाळणीची भोके

'स्क्रीनिंग'ला मराठीत 'चाळणी तपासणी' म्हणतात. कवितेच्या नादामुळे असेल, पण मला हा शब्द फार नेमका वाटतो. आमच्या अम्मीकडे पीठ चाळायला दोन चाळण्या होत्या. भोके मोठी असली तर कोंडा खाली उतरतो आणि फार बारीक असली तर चांगले पीठही वर अडकते. कर्करोगाच्या तपासणीचे तसेच आहे.

दक्षिण कोरियाने १९९९ मध्ये राष्ट्रीय कर्करोग तपासणी सुरू केली. थायरॉईडचा कर्करोग त्या यादीत नव्हता. पण थोडे पैसे घेऊन दवाखाने गळ्याची सोनोग्राफीही करून देऊ लागले. १९९३ च्या तुलनेत २०११ मध्ये या कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण पंधरापट झाले. मृत्यूंचे प्रमाण मात्र जवळजवळ तेच राहिले. म्हणजे ज्या बारीक गाठींनी जन्मभर त्रास दिला नसता, त्याही चाळणीत अडकल्या. हजारोंची ग्रंथी काढली गेली, अनेकांच्या नशिबी कायमची गोळी आली. २०१४ मध्ये काही डॉक्टरांनीच याविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा शस्त्रक्रिया घटल्या.

म्हणून चाळणीच नको, असे मात्र नव्हे. त्याच १९९९ साली आपल्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाचा त्यात सहभाग होता. तीस ते एकोणसाठ वर्षांच्या निरोगी स्त्रियांचे गट पाडले. सुमारे ३४ हजार जणींच्या गटाला एचपीव्ही विषाणूसाठी एकदाच तपासणी देऊ केली. सुमारे ३१ हजार जणींच्या गटात चाळणी तपासणी केली नाही. आठ वर्षांत या कर्करोगाने पहिल्या गटात ३४ मृत्यू झाले, दुसऱ्यात ६४. हा रोग वर्षानुवर्षे हळूहळू तयार होतो आणि कर्करोग होण्याआधीच त्याला रोखता येते, म्हणून इथे चाळणी उपयोगी पडली. याच अभ्यासातल्या इतर दोन तपासण्यांनी मृत्यू तितके घटल्याचे दिसले नाही.

तेव्हा तपासणीआधी डॉक्टरांना विचारावे: हिने मृत्यू कमी होतात का? हजारांत किती? निरोगी माणूस चुकून अडकण्याची शक्यता किती? अडकलो तर पुढे कोणते उपचार? 'किती रुग्ण सापडले' हे उत्तर पुरेसे नाही. आणि गाठ, न भरणारी जखम, अवेळी रक्तस्राव अशी तक्रार असेल, तर ती चाळणीची बाबच नव्हे. सरळ दवाखाना गाठावा.

तपासणी न झालेल्या त्या गटाबद्दल पुढे नैतिक प्रश्न विचारले गेले, आणि ते रास्तच होते. आज आपल्याला जे आकडे मिळतात, त्यांत त्या ६४ जणी आहेत. निदान त्यांच्यासाठी तरी, प्रश्न विचारायला आपण लाजू नये.