संकल्पनासिद्धी (सॉफ्टवेअर विकास)

संकल्पनासिद्धी किंवा प्रूफ ऑफ कन्सेप्ट म्हणजे एखादी कल्पना तांत्रिकदृष्ट्या प्रत्यक्षात उतरू शकते का, हे पडताळण्यासाठी संपूर्ण प्रणाली उभारण्यापूर्वी केलेला मर्यादित प्रयोग होय. अजाइल सॉफ्टवेअर विकासात मोठा खर्च होण्याआधी सर्वांत जोखमीच्या गृहीतकाची परीक्षा घेण्यासाठी तिचा उपयोग होतो.

स्वरूप

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात १७ तज्ज्ञांनी तयार केलेल्या अजाइल जाहीरनाम्यात विस्तृत दस्तऐवजांपेक्षा चालत्या सॉफ्टवेअरला अधिक महत्त्व देण्यात आले. या पद्धतीत काम लहान टप्प्यांत विभागले जाते. तांत्रिक अनिश्चिततेमुळे एखाद्या कामाचा अंदाज बांधता येत नसल्यास संघ आधी ठरावीक मुदतीचा प्रयोग करतो. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगमध्ये अशा प्रयोगाला स्पाइक म्हणतात. प्रश्न, मुदत व यशाचा निकष प्रयोगापूर्वीच निश्चित केला जातो. उत्तर नकारार्थी आले तरी पुढील खर्च वाचत असल्याने प्रयोग निष्फळ ठरत नाही.

प्रोटोटाइपमधून उत्पादनाचे रूप व हाताळणी दिसते, तर किमान वापरयोग्य उत्पादन प्रत्यक्ष ग्राहकांच्या हाती दिले जाते. संकल्पनासिद्धी मात्र बहुधा विकसक व निर्णय घेणाऱ्यांपुरतीच मर्यादित असते.

आवश्यकता

प्रत्येक प्रकल्पाला संकल्पनासिद्धीची गरज नसते. उदाहरणार्थ, रायगड जिल्ह्यातील पेण येथील गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी मागणीनोंदणीचे ॲप तयार करायचे असल्यास त्यातील तंत्र परिचित आहे. तेथे थेट छोटा चालता भाग तयार करून मूर्तिकारांचा अभिप्राय घेणे पुरेसे ठरते. याउलट, रोहा येथे कुंडलिका नदीच्या पुराची सूचना देणारी प्रणाली उभारायची असल्यास मुसळधार पावसात वीज व मोबाइल संपर्क खंडित झाला तरी संदेश वेळेत पोहोचेल का, हा मूळ प्रश्न आहे. अशा वेळी आकर्षक पडद्यांऐवजी एक संवेदक व एक संदेशमार्ग यांची पावसाळ्यात चाचणी घेणे उपयुक्त ठरते.

आधारचे उदाहरण

भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाने २०१० मध्ये आंध्र प्रदेश, कर्नाटक व बिहारच्या ग्रामीण भागांत बायोमेट्रिक नोंदणीची संकल्पनासिद्धी केली. त्यात दहाही बोटांचे ठसे, दोन्ही बुबुळांच्या प्रतिमा व चेहऱ्याची छायाचित्रे घेण्यात आली. कष्टाच्या कामाने झिजलेल्या बोटांचे ठसे पुरेशा गुणवत्तेचे मिळतील का, ही त्यामागील प्रमुख शंकांपैकी एक होती. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी आधार क्रमांकांच्या वितरणाचा प्रारंभ झाला. नोंदणीविषयीचा निष्कर्ष दैनंदिन पडताळणीला आपोआप लागू होत नसल्याने पडताळणीचे स्वतंत्र अभ्यास करावे लागले. त्यांचे अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले.

मर्यादा

संकल्पनासिद्धी केवळ विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. तिच्यासाठी घाईने लिहिलेल्या संगणकीय संहितेत सुरक्षा, त्रुटीनियंत्रण व मोठ्या वापराचा भार यांचा विचार सहसा नसतो. त्यामुळे प्रयोगानंतर ती संहिता बाजूला ठेवून केवळ मिळालेले ज्ञान पुढील टप्प्यात वापरणे इष्ट मानले जाते. प्रात्यक्षिक यशस्वी झाले म्हणजे उत्पादन तयार झाले, असा समज झाल्यास अपुरी प्रणाली थेट वापरात येण्याचा धोका असतो.