हात लावता येणारं पाणी

नवी मुंबईच्या एखाद्या चौकात जलशिल्प उभारायचं ठरलं, की कारंज्याची उंची, दिव्यांचे रंग आणि संगीत यांची चर्चा आधी होते. त्या पाण्याला माणसाचा हात लागणार का, हे बहुधा कुणी विचारत नाही. या किनाऱ्याचा इतिहास पाहिला तर पहिला प्रश्न तोच असायला हवा. विहार तलावाचं पाणी १८६० मध्ये नळांतून मुंबईत आलं आणि पुढच्या तीन-साडेतीन दशकांत शहरात दोन तऱ्हांची जलशिल्पं उभी राहिली. १८६४ चं फ्लोरा फाउंटन ही पहिली तऱ्हा. मुळात व्हिक्टोरिया गार्डनसाठी ठरलेली ही पोर्टलंड दगडातली रोमन देवता पुढे फोर्टात आली. तिचं पाणी लांबून पाहायचं. दुसरी तऱ्हा पाणपोयांची, ज्यांना मुंबईकर प्याऊ म्हणतात. भात बाजारात केशवजी नायक यांची पाणपोई १८७६ ची, तिच्यावर घड्याळही आहे. रतनसी मुळजी जेठा यांनी अकाली गेलेल्या मुलाच्या स्मरणार्थ १८९४ मध्ये फोर्टात बांधलेल्या पाणपोईचा आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा, म्हणजे व्हिक्टोरिया टर्मिनस रचणाऱ्याच हाताचा. कलेत ती फ्लोरापेक्षा उणी नाही. फरक इतकाच, की हमालाने ओंजळ पुढे केल्यावरच तिचं काम पूर्ण होत असे. पाणपोया मागे पडल्या त्या घरोघरी नळ आले म्हणून, असं सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. नाक्यावरचा मजूर, रिक्षावाला, घरपोच सामान देणारी मुलं यांचा दिवस आजही रस्त्यावरच जातो आणि तहान लागली की त्यांना बाटली विकत घ्यावी लागते.

मात्र पाणपोयांचा काळ गोंजारताना थांबायला हवं, कारण तेव्हा प्रत्येक हाताला सार्वजनिक पाण्याची मोकळीक नव्हती. विधिमंडळातल्या सी. के. बोले यांच्या ठरावाने १९२३ मध्ये मुंबई इलाख्यातले सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना कागदोपत्री खुले झाले, तरी महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळ भरण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारोंसह जावं लागलं. पुढे सनातन्यांनी तळं ‘शुद्ध’ करून घेतलं, आणि तळ्यावरच्या हक्काच्या बाजूने उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. महाड आज ज्या रायगड जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात पनवेल-उरणकडची नवी मुंबई वसली आहे. इथे सार्वजनिक पाण्याला स्पर्श करणं हा झगडून मिळवलेला हक्क आहे. म्हणूनच कठड्याआड उडणारं कारंजं, कितीही देखणं असलं तरी, या मातीत अपुरं वाटतं.

नवी मुंबईच्या जागेला तर पाणी हाताळण्याचा स्वतःचा जुना वारसा आहे. इथल्या आगऱ्यांनी खाडीला बांध घालून खारजमिनीत भात पिकवला आणि बांधात उघाडी ठेवली. भरतीच्या दाबाने उघाडीचं दार मिटतं, ओहोटीला शेतातलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी साठच्या दशकात खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली, १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, आणि भरतीच्या पातळीखालच्या भागांसाठी डच धर्तीवर, भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवून ठेवणारे धारण तलाव आखले गेले. त्यांच्या झडपा त्याच तत्त्वावर चालतात. इतकं महत्त्वाचं यंत्र, पण ते शहराच्या काठावर गाळात आणि कांदळवनात दडलेलं. वाशी-नेरूळच्या रहिवाशाला त्याची आठवण येते ती मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आल्यावर, रस्त्यावर पाणी तुंबल्यावर.

म्हणून माझ्या मते, या शहराच्या रस्त्यावरचं जलशिल्प उघाडीचं असावं: दोन कुंडं, मध्ये लाकडी दार. एका कुंडाची पातळी खाडीप्रमाणे दिवसातून दोनदा चढावी-उतरावी, दुसऱ्यात येणाऱ्या-जाणाऱ्यांनी हातपंपाने पाणी भरावं. बाजूला पिण्याचा वेगळा नळ हवाच. यावर पाण्याच्या उधळपट्टीचा आक्षेप येईल. पण तेच पाणी फिरवता येतं, आणि मोठं कारंजं वाऱ्यावर जेवढं गमावतं त्याच्या मानाने कुंडं फार थोडं गमावतात. आरोग्याचा आक्षेप अधिक गंभीर आहे. सांडपाण्यावर प्रक्रिया करून मिळणारं पाणी बागांना आणि कारखान्यांना योग्य आहे. मुलांच्या तळहातावर किंवा श्वासातून आत जाणाऱ्या तुषारांत ते नको. कुंडांत मोरबे धरणाचं शुद्ध केलेलं पाणीच घालावं, ते गाळत राहावं, क्लोरिनची मात्रा रोज तपासावी. तोडफोड होईल, हे भयही निराधार नाही. वापराने दार झिजेल, पंपाचा दांडा निसटेल. मात्र खारबांध गावकऱ्यांनी मिळून दरवर्षी डागडुजी करूनच टिकवले होते. जलशिल्पाच्या निविदेत दिव्यांच्या आधी सुताराची आणि गाळ काढणाऱ्याची कायमची नेमणूक असली पाहिजे.