दिनविशेष : २५ नोव्हेंबर १९८७

श्रीलंकेत शोधमोहीम आटोपून रात्री उशिरा परतणाऱ्या भारतीय शांतिसेनेच्या तुकडीवर दबा धरून बसलेल्या दहशतवाद्यांनी गोळीबार सुरू केला. आठव्या महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांनी डोके शांत ठेवून हल्लेखोरांना मागच्या बाजूने घेरले. आता गाठ समोरासमोर होती. एकाने त्यांच्या छातीत गोळी झाडली. मेजरनी त्याचीच रायफल हिसकावून त्याला ठार केले. मग शेवटच्या श्वासापर्यंत ते हुकूम देत राहिले. पाच दहशतवादी मारले गेले. परमेश्वरन जन्माने मुंबईकर. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. श्रीलंकेतल्या शांतिसेनेतले हे एकमेव परमवीर चक्र. बेळगावात १९४१ साली उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटचे केंद्र आपल्याच मध्य प्रदेशात, सागरला आहे, हे ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजातल्या मराठी घरांना ठाऊक असायला हवे.