कपांवर पडलेला पाऊस

शाळेत आमचे मराठीचे एक सर नवकविता आली की म्हणायचे, ‘ही ऑप्शनला टाका.’ आम्ही टाकली. पुढे कितीतरी वर्षांनी तीच कविता मी मोठ्यानं वाचली, तेव्हा कळलं की ती अवघड नव्हती. ती आमच्या तोंडून कधी गेलीच नव्हती.

पाश्चात्त्य अभिजात संगीतात नव्या रचनांचं असंच होतं. ऑर्केस्ट्रात वाजवणारी मुलं मोझार्ट आवडीनं वाजवतात. आपल्या काळातली रचना पुढ्यात आली की मात्र कपाळाला आठ्या पडतात. सूर एकमेकांना खेटतात, ताल मध्येच मोडतो, गुणगुणायला काही हाती लागत नाही. ‘जरा समजून घ्या’ म्हणून सांगितल्यानं हे सुटत नाही.

बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकारानं वेगळी वाट धरली. १८ जून १९५८ रोजी इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातल्या ऑर्फर्ड गावच्या चर्चमध्ये त्याचं ‘नोयेज फ्लड’ हे संगीतनाट्य पहिल्यांदा झालं. गोष्ट महापुराची. आमच्या घरी आजी सांगायची ती हजरत नूह यांच्या तारवाचीच. मोजके व्यावसायिक कलाकार सोडले तर बाकी सगळी फौज मुलांची.

ब्रिटननं संगीत सोपं करून पातळ केलं नाही. त्यानं कामं वाटून दिली. बऱ्यापैकी तयारीच्या मुलांना पहिलं व्हायोलिन, आणि ज्यांनी नुकताच गज हातात धरलाय त्यांना तिसरं, ज्यात बहुतेक ठिकाणी मोकळ्या ताराच वाजवायच्या. प्राणी तारवात शिरतात तेव्हा ब्यूगल. कावळा उडतो तेव्हा चेलो, आणि कबुतराची फडफड रेकॉर्डर या लाकडी बासरीत जीभ थरथरवून.

आणि पाऊस? चिनी मातीचे कप दोरीला ओळीनं टांगायचे आणि लाकडी चमच्यानं वाजवायचे! ही युक्ती इमोजेन होल्स्ट यांची. युद्धकाळात गावातल्या बायकांच्या मंडळाला त्यांनी असंच वाजवायला शिकवलं होतं. ब्रिटनला त्यांनी ते दाखवलं, आणि पुराचे पहिले थेंब कपांवर पडले. आपल्याकडे जलतरंग ऐकलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही, पण सिंफनीच्या देशात ही बंडखोरीच म्हणायची.

वादळाच्या प्रसंगात खर्जात एकच ओळ पुन्हा पुन्हा फिरत राहते आणि तिच्यावर वादळ रचत जातं. तबल्याच्या सोलोला पेटीवर लेहरा धरतात, तसं काहीसं. मोकळी तार ओढणारा दहा वर्षांचा मुलगाही त्या वादळात असतो. खेटलेले सूर त्याला मग चुकीचे वाटत नाहीत, कारण त्यातला एक त्याचा स्वतःचा असतो. वादळ ऐन भरात आलं की समोर बसलेल्या लोकांनीही उठून स्तोत्रात सूर मिळवायचा. नुसतं ऐकणारा असा तिथं कुणी उरतच नाही.

पुढच्याच वर्षी, १९५९ मध्ये, पीटर मॅक्सवेल डेव्हिस हा पंचविशीतला संगीतकार सायरनसेस्टरच्या शाळेत संगीतशिक्षक म्हणून रुजू झाला. त्याच्या रचना जाणकारांनाही दचकवत. त्यानं शाळेतल्या मुलांसाठी मॉन्टेव्हर्डीचं सतराव्या शतकातलं संगीत बसवलं आणि १९६० मध्ये त्यांच्यासाठी स्वतःची ‘ओ मॅग्नम मिस्टीरियम’ लिहिली. एक साडेतीनशे वर्षं जुनं, दुसरं शाई न वाळलेलं. मुलांना दोन्ही सारखीच अनोळखी, आणि मला वाटतं तेच पथ्यावर पडलं. हे नवं आहे म्हणून घाबरायचं, हे त्यांना अजून कुणी शिकवलं नव्हतं. शिवाय तो त्यांना स्वतः रचना करायला लावायचा. कवीनं वर्गात कविता शिकवण्यापेक्षा मुलांच्या हाती कोरा कागद द्यावा, तसं.

१९६२ साली तो शिकायला अमेरिकेला गेला. पुढं स्कॉटलंडच्या उत्तरेकडल्या ऑर्कनी बेटांवर स्थायिक झाल्यावरही मुलांसाठी लिहीतच राहिला. १९७८ चं ‘द टू फिडलर्स’ हे संगीतनाट्य तिथल्याच शाळेतल्या मुलांसाठी. २०१६ मध्ये तो गेला.

ब्रिटनचा पूर मात्र पार अमेरिकेपर्यंत पोचला. वेस अँडरसन या दिग्दर्शकाचा ‘मूनराइज किंगडम’ हा २०१२ चा चित्रपट पाहा. त्यात चर्चमधली मुलं हेच नाटक करताना दिसतात. लहानपणी टेक्सासमध्ये तो स्वतः, भावासोबत, या नाटकात काम करत होता.