परवान्यावरचा आजार

आमच्या कोल्हारवरून जाणाऱ्या नगर-मनमाड रस्त्याला लागलं, की थोड्याच वेळात एखादी 'परमिट रूम'ची पाटी दिसते. ती इतकी अंगवळणी पडलीय की हे परमिट नेमकं कशाचं, असा प्रश्न कुणाला पडत नाही. ते परमिट प्रकृतीचं आहे. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने दारू बंद केली, पण प्रकृती राखण्यासाठी जिला दारू लागते अशा व्यक्तीला परवाना देण्याची वाट मोकळी ठेवली. तो कायदा नाव बदलून महाराष्ट्रात आजही लागू आहे. म्हणजे कागदावर पाहिलं, तर परवाना काढून पिणारा माणूस तब्येत सांभाळत असतो. हे खरं नाही, हे देणाऱ्यालाही ठाऊक आणि घेणाऱ्यालाही.

हे आठवायचं कारण म्हणजे अमेरिकेतल्या नातेवाइकांच्या फोनवरून आपल्या पोरांच्या कानावर आलेला एक नवा शब्द, 'मेडिकल मारिजुआना कार्ड'. न्यू जर्सी राज्याने मार्च २०१८मध्ये आणि पेनसिल्व्हेनियाने जुलै २०१९मध्ये गांजासाठी पात्र आजारांच्या यादीत 'अँक्झायटी', म्हणजे चिंताविकार, घातला. डॉक्टरने आजार प्रमाणित केला की कार्ड मिळतं आणि कार्ड दाखवून ठरावीक दुकानातून गांजा घेता येतो. पेनसिल्व्हेनियाला लागून असलेल्या ओहायोच्या वैद्यक मंडळाने मात्र सप्टेंबर २०१९मध्ये हीच मागणी फेटाळली. तीच छातीतली धडधड सीमेच्या अलीकडे पात्र आणि पलीकडे अपात्र.

"मग आपल्याकडे असं कार्ड का नाही?" हा प्रश्न मला दोन-तीन तरुणांनी विचारलाय. त्याचं उत्तर द्यायचं तर आधी थोडं मागं जावं लागतं.

गांजा-भांग हे औषध म्हणून आपल्या हकीमांना जुनं माहीत. युनानीत त्याला 'किन्नब' म्हणतात. 'वरकुल खयाल', म्हणजे कल्पनेचं पान, हे त्याचं आणखी एक नाव. विल्यम ओशॉनेसी या आयरिश डॉक्टरने १८३९मध्ये कलकत्त्यात यावर निबंध वाचला आणि पुढे हे औषध युरोपच्या दवाखान्यांत पोचलं. त्या कामात त्याला मदत करणाऱ्यांत हुगळी इमामबाड्याचे मुतवल्ली सय्यद करामत अली होते. संधिवात, धनुर्वात, आकडी यांवर त्याने प्रयोग केले. इतिहास सांगताना ओशॉनेसीचं नाव येतं, मुतवल्लींचं गळतं, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

फिक्हमध्येही हा विषय नवा नाही. १३९२मध्ये वारलेले इमाम झरकशी यांनी हशीश हराम असल्यावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली आणि तिच्यात औषधाच्या प्रश्नाचाही विचार केला. नशा वेगळी, इलाज वेगळा, हा फरक आपल्या आलिमांनी सहाशे वर्षांपूर्वीच चर्चेला घेतला होता.

इंग्रजांचा प्रश्न वेगळा होता. तेव्हाच्या मुंबई इलाख्यात ज्या जिल्ह्यांत गांजाचं पीक निघे, त्यांत आपला अहमदनगर होता. विक्री परवान्यावर चाले आणि सरकारला त्यातून महसूल मिळे. पण हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळं गांजेकसांनी भरली आहेत, अशी ओरड विलायतेत सुरू झाली. मार्च १८९३मध्ये ब्रिटिश संसदेत प्रश्न आला आणि जुलैमध्ये सात जणांचा आयोग नेमला गेला. 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' ते हेच. त्यांनी ११९३ साक्षी नोंदवल्या.

या आयोगाचं सर्वांत मोलाचं काम म्हणजे इस्पितळांची दप्तरं उघडून पाहणं. १८९२ साली दाखल झालेल्या १३४४ रुग्णांपैकी २२२ जणांच्या आजाराचं कारण गांजा-भांग असं लिहिलेलं होतं. एकेक प्रकरण तपासल्यावर त्यांतली ९८च टिकली. उरलेल्यांचं काय झालं होतं? रुग्णासोबत येणाऱ्या कागदावर 'कारण' असा रकाना असे. तो बहुतेक वेळा पोलिसांकडून भरून येई. आजारी माणूस फिरस्ता, त्याचं घरदार कुणाला माहीत नाही. मग लिहा गांजा. फकीर किंवा बैरागी असेल, तर शंकाही घ्यायची नाही. त्याची झोप कधी गेली, घरात कोण मेलं, दुष्काळात काय गमावलं, हे विचारायला रकाना नव्हता.

१८९४च्या अहवालात आयोगाने सांगितलं की बेताच्या सेवनाने फारसं नुकसान होत नाही, अतिसेवनाने होतं. बंदी नको, नियंत्रण आणि कर असू द्या. परवाना टिकला, महसूल टिकला.

मला त्या दप्तरात आणि आजच्या कार्डात एक साम्य दिसतं. तेव्हा 'कारण' या रकान्यात गांजा लिहून माणूस निकालात काढत. आज 'आजार' या रकान्यात चिंता लिहितात आणि इलाजात गांजा. रकाना भरला की कागदाचं काम संपतं. ज्याला रात्री दोन वाजता जीव जातोय असं वाटतं, त्याचं काम तिथून सुरू होतं.

आता आपला कायदा. १४ नोव्हेंबर १९८५पासून लागू झालेल्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. नुसती पानं आणि बिया त्यातून वगळल्या आहेत. म्हणून पानांपासूनची 'विजया' आयुर्वेदिक औषधांत वैद्याच्या चिठ्ठीवर मिळते. परदेशातल्या कार्डाला इथे किंमत नाही. किलोभरापर्यंतचा गांजाही 'अल्प प्रमाण' ठरतो आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद आहे. आपल्या वस्तीतल्या पोरावर अशी केस पडली, की जामीन, तारखा आणि मोडलेलं लग्न हे सगळं घर भोगतं.

आणि औषध म्हणून तरी? चिंताविकारावर गांजा चालतो, याचा पुरावा अजून कच्चा आहे. त्यातला नशेचा घटक, टीएचसी, थोडा असेल तर काहींना शांत वाटतं. मात्रा वाढली की तोच घटक धडधड आणि भीती वाढवतो. कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्यांत मनोविकृतीचा धोका वाढतो, हे मात्र बऱ्यापैकी पक्कं आहे. उलट समुपदेशन आणि मनोविकारतज्ज्ञाची नेहमीची औषधं यांनी बऱ्याच जणांना गुण येतो.

म्हणून विचारणाऱ्यांना मी सांगतो की कार्डाचा हट्ट सोडा, पण त्रास लपवू नका. घाबरट म्हणून हिणवलेलं, जिन्न लागलं म्हणून फिरवलेलं पोर शेवटी चिलमीकडे जातं. दुआ जरूर करा, दर्ग्यावर जायचं तर जा, पण डॉक्टरकडेही जा. कोल्हारजवळ लोणीला वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. मानसिक आरोग्यसेवा मिळणं हा २०१७च्या कायद्याने दिलेला हक्क आहे, त्यासाठी कुठला परवाना काढावा लागत नाही.